अठरा मिनिटांची लढाई

“मरायचं कधी, ते ठरलंय का?” तोंडात टाचण्या धरून मी विचारलं.

“तिसऱ्या मिनिटाला,” मुकुंद म्हणाला. “डॉयलनं वहीत लिहून घेतलंय. तिसऱ्या मिनिटाला छातीत गोळी. मग लढाई संपेपर्यंत हलायचं नाही.”

“हात वर कर. मेल्यावर बगल उसवलेली दिसली तर नाव माझं जाईल.”

त्यानं हात वर केला. निळा कोट, लाल कॉलर, पांढरी विजार आणि काळी उंच टोपी. नागपूरच्या लग्नांत बँडवाले असतात ना, त्यांतला क्लॅरनेटवाला दिसत होता अगदी. मी तसं म्हटलं, तर त्यानं गाल फुगवून खोटं क्लॅरनेट वाजवून दाखवलं. आमची सहा वर्षांची रेवा खाली जमिनीवर बसून नाश्त्याच्या सिरियलचा रिकामा खोका कात्रीनं कापत होती. ती काही हसली नाही.

ही गोष्ट एकोणीसशे शहाऐंशी सालच्या एप्रिलातली. टेक्ससमधल्या केडर बेंड नावाच्या लहानशा गावात आम्ही राहत होतो. मुकुंद तिथल्या केमिकलच्या कारखान्यात इंजिनियर होता. टेक्ससनं मेक्सिकोशी लढून स्वातंत्र्य मिळवलं त्याला त्या वर्षी दीडशे वर्षं पुरी होत होती. गावानं ठरवलं होतं की, नदीकाठच्या जत्रेच्या मैदानावर त्या युद्धातल्या तीन मोठ्या लढाया एकाच दुपारी लढून दाखवायच्या. अडचण एकच होती. टेक्सन व्हायला हवी तेवढी माणसं तयार, मेक्सिकन व्हायला कोणी नाही. हरायला कोणाला आवडतं? मग गावात जेवढे सावळे चेहरे होते तेवढ्यांच्या दारी डॉयलची कमिटी जाऊन आली. मुकुंद मेक्सिकोचा शिपाई झाला तो असा. मी नागपुरात शिवणाचा क्लास केला होता हे कोणाला तरी कळलं, आणि चाळीस कोटांची शिलाई शेजारची ऑफेलिया आणि मी, आम्हा दोघींच्या गळ्यात पडली.

कोटाच्या बाह्या लावता लावता मुकुंदकडून मला इतिहासही कळला. मेक्सिकोनं आपल्या उत्तरेकडच्या जमिनीवर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना बोलावलं. या, शेतं कसा, राहा. फक्त आमचे नागरिक व्हा, आमचा धर्म घ्या, आमचा कायदा पाळा. लोक आले. जमीन घेतली, धर्म कागदोपत्री घेतला, गुलाम ठेवायला बंदी होती तरी गुलाम आणलेच. पुढे मेक्सिकोनं दोर आवळायला घेतला, तेव्हा हे म्हणाले, आम्ही स्वतंत्र.

“म्हणजे भटाला दिली ओसरी,” मी म्हटलं.

“आणि भट हातपाय पसरी,” मुकुंदनं पुरं केलं. मग म्हणाला, “कुंदा, ओसरीवर तर आपणही आहोत.”

“जुलैपर्यंत,” मी म्हटलं.

कोट उतरवून त्यानं नीट खुर्चीवर टाकला.

लग्न करून मी इथं आले तेव्हा पाच वर्षांचा करार होता. पाचाची सात झाली. मग ‘रेवा पहिलीत जाईपर्यंत’ असं ठरलं. आता नऊ वर्षं झाली होती आणि रेवाची पहिली मे महिन्यात संपत होती. माझ्या अमरावतीच्या दादानं नागपूरच्याच एका नव्या इंजिनियरिंग कॉलेजात मुकुंदसाठी जागा पाहून ठेवली होती. एप्रिलअखेर होकार कळवायचा होता. मुकुंद हो म्हणाला होता. कुरकुर न करता म्हणाला होता, कारण शब्द दिलेला होता आणि तो शब्दाचा माणूस. रविवारी फोन करून आईला पक्कं सांगायचं, एवढंच उरलं होतं.

आई नागपुरात एकटी होती. बाबा गेले तेव्हा मी पोचले ती तेराव्याला. त्यानंतर एक दिवस असा गेला नाही की मला घरी जावंसं वाटलं नाही. फार काही नको होतं. आई पोळ्या लाटत असताना स्वयंपाकघरात पाटावर बसून तिच्याशी भांडायचं होतं. तिला माझा राग यावा, तिनं लाटणं आपटावं आणि मग पहिली गरम पोळी माझ्याच ताटात टाकावी, एवढंच हवं होतं.

कोट अंगावर चढवून पाहिला ती लढाईची आदली रात्र. त्याच दिवशी दुपारी मी आणि रेवा ऑफेलियाच्या व्हरांड्यात बसलो होतो. ऑफेलिया साठीची, विधवा, स्वभावानं मोकळी. ती मला ‘मिहा’ म्हणायची, म्हणजे पोरी. तिचं घराणं टेक्सस हे नाव नकाशावर येण्याच्या आधीपासून इथलं. ती चार गवती हॅटांच्या पट्ट्यांत पुठ्ठ्याचा एकेक चौकोनी तुकडा खोचत होती.

“हे कशाला?” रेवानं विचारलं.

“माझ्या खापरपणजोबासाठी,” ऑफेलिया म्हणाली. “तो स्पॅनिश बोलणारा, रंगानं माझ्यासारखा. पण लढला टेक्सनांच्या बाजूनं. सॅन जसिंटोच्या लढाईत अशी बरीच माणसं होती. धुमाळीत आपलेच लोक मेक्सिकन समजून मारतील, म्हणून त्यांनी हॅटमध्ये पुठ्ठा खोचला. पुठ्ठा दिसला की मारायचं नाही. उद्या माझे भाचे हे काम करणार आहेत. डॉयलनं सगळ्यांना बजावून ठेवलंय.”

“मग त्यांना कोणी मारलं नाही?”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात नाही,” ऑफेलिया म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, रेवाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं पुढचं सांगितलं. “लढाई संपली आणि त्यानं पुठ्ठा काढला. मग तो कोणत्या बाजूचा होता, हे कोणाला आठवेना. दहा वर्षांत जमीन गेली.”

“मग तुम्ही लोक इथं राहिलात कसे?”

“जाणार कुठं, मिहा? घर इथंच होतं.”

मी सुईत दोरा ओवला. माझं घर कुठं आहे हे मला ठाऊक होतं, त्यामुळे त्या वेळी तिची मला थोडी दयाच आली.

शनिवारी मैदानावर सगळं गाव लोटलं होतं. ऊन कडक, पण नागपूरच्या माणसानं त्याला ऊन म्हणू नये असं. रेवाच्या शाळेची मुलं दोरीलगत गवतावर बसली होती, प्रत्येकाच्या हातात टेक्ससचं एका ताऱ्याचं छोटं निशाण. मी आणि ऑफेलिया त्यांच्या मागच्या खुर्च्यांवर.

पहिली लढाई तोफेची. मेक्सिकोनं वसाहतीच्या लोकांना संरक्षणासाठी एक लहानशी तोफ उसनी दिलेली. ती परत मागितली तर लोक म्हणाले, हिंमत असेल तर येऊन घेऊन जा. तोफ धडाडली, मेक्सिकन माघारी वळले आणि लोकांनी टोप्या उडवल्या. दुसरी लढाई आलामोची. तेरा दिवसांचा वेढा गावानं वीस मिनिटांत उरकला. लाकडी फळ्यांच्या गढीत अडकलेले टेक्सन एकेक करून पडले, शेवटी एकही उरला नाही. इथं मात्र मैदान खरंच गप्प झालं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. मुकुंद या लढाईत जिंकणाऱ्यांत होता, पण कसं जिंकावं हे न कळून तो फळीपाशी नुसता उभा होता.

मग सॅन जसिंटो. मेक्सिकोची फौज दुपारचं जेवून झोपली होती, टेक्सनांनी गवतातून सरकत येऊन झोपेतच गाठलं, आणि अठरा मिनिटांत युद्धाचा निकाल लागला. दुपारच्या झोपेपायी राज्य गेलं, ही गोष्ट नागपूरच्या माणसाला लगेच पटते. मुकुंद तोंडावर टोपी घेऊन गवतात आडवा झाला होता. तो खरंच झोपला असावा अशी मला शंका आहे.

“आलामो विसरू नका!” टेक्सन ओरडत धावले. शाळेची पोरं उठून उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर ओरडू लागली. रेवाही ओरडत होती. गळ्याच्या शिरा ताणून, निशाण हलवत, आपल्या बापावर धावून जाणाऱ्या फौजेला जोर देत होती.

मुकुंद दचकून उठला, टोपी डोक्यावर घातली आणि मरायला पुढे झाला. तिसरं मिनिट झालं. एक जण त्याच्यावर बंदूक रोखून आला, थबकला आणि बाजूनं निघून गेला. दुसरा आला, त्यानंही बगल दिली. मुकुंद एका तिसऱ्यासमोर छाती काढून उभा राहिला. त्यानं मान हलवली आणि शेजारच्याला मारलं. डावीउजवीकडे माणसं पटापट पडत होती, आणि आमचा नवरा आपल्याला मारील असं कोणी सापडतं का, हे पाहत मैदानभर फिरत होता. लोक हसायला लागले.

“त्याच्या टोपीकडे बघ,” ऑफेलिया म्हणाली.

काळ्या टोपीच्या पट्टीत पिवळाजर्द पुठ्ठा होता. सिरियलच्या खोक्याचा.

मी पुढे वाकून रेवाचा खांदा धरला. “तू खोचलास?”

तिनं मागं वळून पाहिलं. चेहरा लालबुंद. “बाबांना कोणी मारायला नको,” ती म्हणाली आणि पुन्हा ओरडायला लागली.

अठरा मिनिटं झाली. बिगुल वाजला. मैदानात निळ्या कोटांचा सडा पडला होता आणि त्याच्या मधोमध मुकुंद एकटा उभा होता, हातांचं काय करावं ते न कळून. माइकवरच्या माणसाला आधी सुचेना. मग तो म्हणाला, “लोकहो, याच्या टोपीत पुठ्ठा आहे. हा आपला माणूस आहे. टाळ्या होऊन जाऊ द्या!”

टाळ्या झाल्या. सगळं गाव वाजवत होतं. डॉयल हा कारखान्यात मुकुंदचा साहेब. नऊ वर्षांत त्यानं मुकुंदला कधी घरी बोलावलं नव्हतं. तो धावत गेला, मुकुंदच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला ओढत जिंकलेल्यांच्या रांगेत घेऊन आला. हातातलं मोठं निशाण त्यानं मुकुंदकडे दिलं. दोरीखालून वाकून रेवा पळत गेली आणि बापाच्या कमरेला बिलगली.

मी मुकुंदचा चेहरा पाहिला. पाहायला नको होता. नऊ वर्षं हा माणूस कारखान्यातल्या कँटीनच्या कोपऱ्यात एकटा डबा खात होता. नाव उच्चारता येत नाही म्हणून लोक ‘मॅक’ म्हणायचे, आणि तो त्या नावाला ओ द्यायचा. मी समजत होते की त्याला याचं काही वाटत नाही. वाटत होतं. आता एका खोट्या लढाईत, खोक्याच्या तुकड्यापायी, कोणीतरी त्याला आपला म्हटलं होतं, आणि तो ओठ घट्ट मिटून रडू आवरत होता. आमच्या लग्नातही मी त्याला इतकं सुखात पाहिलं नव्हतं.

“टाळ्या वाजव, मिहा,” ऑफेलिया हळूच म्हणाली. “तुझा नवरा आहे.”

मी वाजवल्या.

घरी येताना मुकुंद गाडी चालवत गुणगुणत होता. मागच्या सीटवर रेवा झोपली होती, हातात निशाण तसंच. आमच्या रस्त्याला वळलो तेव्हा त्याचं गुणगुणणं थांबलं.

“उद्या आईंना सांगून टाक,” तो म्हणाला. “जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो म्हणून.”

त्याच्या आवाजात जराही कुरकुर नव्हती. असती तर मी भांडले असते आणि भांडून जिंकलेही असते.

रविवारी सकाळी आठ वाजता मी फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात. आईकडे फोन नव्हता. ठरल्या वेळी ती शेजारच्या खानझोडेंकडे येऊन बसायची. ती निवृत्त शिक्षिका, वेळेची पक्की. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

“हं, बोल. काय करून राहिली?”

“काही नाही. चहा झाला.”

“इथं बेचाळीस आहे आज. खानझोडेंच्या कूलरसमोर बसून राहिले मी. मुकुंदराव बरे आहेत?”

“बरे आहेत.”

“वरची खोली रंगवून घेतली. पिवळा दिला. रेवाला पिवळा आवडते ना?”

“आवडतो.”

“मग? काय ठरलं?”

नऊ वर्षं मी या एका प्रश्नाचं उत्तर तोंडात घेऊन जगत होते. आता ते द्यायचं होतं. मुकुंद अंगणात होता, मुद्दामच. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. झाडांना पाणी घालत होता.

“आई,” मी म्हटलं आणि फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले.

रेवानं माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. मी तिच्या कानाला कान लावून बसले.

“आजी, काल आम्ही जिंकलो.”

“अगं बाई. काय जिंकल्या?”

“बॅटल. बाबांच्या टोपीत मी कार्ड लावलं, मग त्यांना कोणीच मारलं नाही. सगळ्यांनी बाबांसाठी क्लॅप केलं. मिस्टर डॉयलनी बाबांना मोठा फ्लॅग दिला.”

“अन् हरलं कोण?”

रेवा विचारात पडली. तिनं माझ्याकडे पाहिलं. “आई, हरलं कोण?”

मी खिडकीतून मुकुंदच्या पाठीकडे पाहिलं.

“आई सांगत नाहीये,” रेवा फोनमध्ये म्हणाली.

तिकडे मागे कूलर घरघरत होता. “दे बेटा आईला,” आई म्हणाली.

मी रिसीव्हर घेतला.

“मुकुंदराव खूश होते काल?”

“हो.”

“खूप?”

“खूप.”

“अन् पोरगी तर दिसूनच राहिली मला इथून.” चाळीस वर्षं पोरं हाताळलेली बाई, तिला वर्गातलं कोण का गप्प बसलंय ते न सांगता कळायचं. “मग राहा तिथंच.”

“आई, असं नको म्हणू. ठरलंय आमचं. दादानं त्या लोकांना—”

“दादाला मी सांगते. जिंकलेलं गाव सोडून कोणी येत असते का, कुंदा?”

“मी नाही जिंकले.”

“माहीत आहे मला,” आई म्हणाली.

“तू खोली रंगवलीस.”

“मग काय झालं? भिंतीला रंग द्यायचाच होता. आता रडू नको. खानझोडेकाकू इथंच बसून आहेत.”

म्हणजे तीही रडत नव्हती ती खानझोडेकाकूंमुळे. मी डोळे पुसले. ती मला कैरीच्या लोणच्यात मेथी किती घालायची ते सांगायला लागली आणि मी हं, हं करत राहिले. फोन संपला तेव्हा मेथीचं प्रमाण काही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

मुकुंद आत आला. हात ओले होते, ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

“काय म्हणाल्या आई?”

“राहा म्हणाली.”

तो खुर्चीवर बसला. त्यानं विचारलं, “आणि तू?”

“मीही,” मी म्हटलं.

मी खोटं बोलतेय हे त्याला समजलं. त्यानं माझा हात हातात घेतला, पण पुन्हा विचारलं नाही. त्याबद्दल मी त्याला कधी दोष दिला नाही, आणि पुरतं माफही केलं नाही.

आई त्यानंतर सात वर्षं होती. आम्ही दोनदा जाऊन आलो. पिवळ्या खोलीत उतरलो, रेवानं तिच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या, मी पाटावर बसून तिच्याशी भांडलेही. पण पाहुणीशी कोणी मनापासून भांडत नाही. ती माझं म्हणणं लगेच मान्य करायची.

त्या रविवारच्या आधी तिच्याशी होणारा प्रत्येक फोन एकाच प्रश्नावर संपायचा: “कधी येऊन राहिल्या?” मी त्यावर वैतागायचे. त्या दिवसानंतर तिनं तो प्रश्न एकदाही विचारला नाही. बोलणं संपत आलं की मी फोन कानाशी घट्ट धरून थोडी थांबायचे. तीही थांबायची. मग म्हणायची, “चल, ठेवते.”